टीएमटीप्रो १६-प्लेक्स किट: डुकराच्या गर्भातली प्रथिनं नाशिकमध्ये मोजायची तर

थर्मो फिशरचं टीएमटीप्रो १६-प्लेक्स किट म्हणजे सोळा छोट्या व्हायल. प्रत्येक व्हायलीतलं रसायन (लेबल) पेप्टाइडला, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला, चिकटतं आणि त्याचं वजन ३०४.२०७ डाल्टनने वाढवतं. ही वाढ सोळाही व्हायलींत सारखीच असते. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात) पेप्टाइड फुटलं की मात्र प्रत्येक व्हायलीचा वेगळा रिपोर्टर आयन, म्हणजे ओळख पटवणारा तुकडा, सुटतो, १२६ पासून १३४एन पर्यंत. म्हणून सोळा नमुने एका ट्यूबमध्ये मिसळून मोजता येतात, आणि कोणत्या नमुन्यात कोणतं प्रथिन किती आहे ते रिपोर्टरच्या उंचीवरून कळतं. डुकराचे अवयव माणसात बसवण्याच्या संशोधनासाठी गर्भातली किडनी, यकृत किंवा स्वादुपिंड वाढताना प्रथिनं कशी बदलतात, हे पाहायला हे किट घ्यावं का, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. उत्तर आधीच सांगतो: वयानुसार चढउतार पाहायचे असतील तर घ्या. जनुक बंद केल्यावर त्याचं प्रथिन खरंच नाहीसं झालं का, हे सिद्ध करायचं असेल तर घेऊ नका.

नाशिकमधल्या छोट्या प्रयोगशाळेला या किटचा मोठा फायदा वाहतुकीत होतो. स्वतःचं ऑर्बिट्रॅप (वजन फार बारकाईने मोजणारं मास स्पेक्ट्रोमीटर) नसेल तर मोजणी मुंबईला किंवा पुण्याला करून घ्यावी लागते. गोठवलेल्या ऊतीचे सोळा तुकडे ड्राय आइसमध्ये ठेवून कसारा घाटातून किंवा सिन्नर-संगमनेरमार्गे पाठवायचे, तर खोकं मोठं लागतं आणि साध्या थर्माकोलच्या खोक्यातून दिवसाला २ ते ४ किलो ड्राय आइस सहज उडून जातो. कुरिअर शनिवार-रविवारी कुठे अडकलं तर खोक्यात सोळाही नमुने वितळलेले सापडतात. वितळलेल्या ऊतीत प्रथिनं कापणारी एन्झाइम (प्रोटिएज) जागी होतात आणि नेमकी नाजूक प्रथिनं आधी तुटतात. लेबल लावून, एकत्र मिसळून, क्षार काढून वाळवलेले पेप्टाइड मात्र एका ट्यूबमध्ये मावतात आणि बर्फाच्या जेल-पॅकवर एका दिवसाचा प्रवास आरामात करतात. नासाडी होण्याजोगं जे काही आहे ते सगळं नाशिकमध्येच, आपल्या देखरेखीखाली उरकतं. मशीनचा वेळ वाचतो म्हणून हे किट घ्या असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. जास्तीत जास्त प्रथिनं सापडायला हवी असतील तर मिश्रणाचे १२ भाग करून प्रत्येकी दोन तास चालवावे लागतात, म्हणजे २४ तास. तेवढ्याच वेळात सोळा नमुने बिनलेबल डीआयए पद्धतीने (प्रत्येक नमुना लेबलाशिवाय वेगळा मोजून) दीड-दीड तास चालवून होतात.

आता आराखडा. डुकराची गर्भावस्था ११४ दिवसांची; वराहपालक तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा हिशोब लक्षात ठेवतात. गर्भातली ऊती प्रत्यारोपणासाठी कोणत्या दिवशी घ्यावी, यावर इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाचं काम पायाभूत मानलं जातं. किडनीसाठी साधारण चार आठवडे (२००३), यकृतासाठी २८ दिवस, स्वादुपिंडासाठी ४२, फुफ्फुसासाठी ५६ (२००५). त्याआधी घेतलेल्या ऊतीतून टेराटोमासारख्या गाठी होतात. फार उशिरा घेतली तर वाढ खुंटते आणि नाकारली जाण्याचा धोका वाढतो. या दोन टोकांमधला काळ प्रथिनांच्या भाषेत कसा दिसतो, हा प्रश्न किटच्या सोळा जागांत छान बसतो. चार वयं, प्रत्येक वयाचे तीन प्राणी अशा १२ जागा, दोन जागा सगळ्यांच्या समान मिश्रणाला आणि दोन प्रौढ अवयवाला. पुढे दुसरी सोळाची खेप करायची असेल तर समान मिश्रण हाच दोन खेपांमधला पूल. तो पहिल्याच दिवशी भरपूर करून, वाटे पाडून -८० अंशांना ठेवावा. नंतर नव्याने केलेलं मिश्रण पहिल्यासारखं होत नाही.

तीन प्राणी म्हणजे तीन वेगवेगळ्या माद्यांची पिल्लं. एकाच विणीतली तीन भावंडं घेतली तर आकडे एकमेकांशी सुंदर जुळतात, पण तो नमुना एकच. वय रेतनाच्या तारखेवरून मोजावं आणि डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून पडताळावं, कारण एका गर्भाशयातसुद्धा एखादं पिल्लू मागे राहिलेलं असतं. आणखी एक काळजी: वयं क्रमाने चॅनेलमध्ये (एका व्हायलीचं लेबल म्हणजे एक चॅनेल) लावू नका. प्रत्येक लेबलात थोडी समस्थानिक अशुद्धी असते. १२७एनची सावली १२८एनवर पडते, १२६ची १२७सीवर. वयं ओळीने लावली की शेजारचं वय थोडं शेजाऱ्यासारखं दिसतं आणि चढण कृत्रिमरीत्या सौम्य होते. चिठ्ठ्या टाकून चॅनेल ठरवा. लॉटसोबत येणाऱ्या प्रमाणपत्रातले अशुद्धीचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरा. जुन्या लॉटचे आकडे तसेच राहिलेले असतात, ते तपासा.

ऊती हाताळताना रक्ताचा विचार आधी करा. किडनी किंवा हृदयातलं हिमोग्लोबिन म्हणजे बहुतांशी न धुतलेलं रक्त. थंड फॉस्फेट सलाइनने दोनदा धुऊन, टिपून, मगच द्रव नायट्रोजनमध्ये टाकावं. गर्भाच्या यकृताला मात्र हा नियम लावू नका, कारण तिथे रक्तपेशी तयारच होत असतात आणि हिमोग्लोबिन हा त्या यकृताच्या कामाचा भाग असतो. २८ दिवसांच्या गर्भाची किडनी इतकी बारीक असते की एका विणीतल्या सगळ्या पिल्लांच्या किडन्या एकत्र कराव्या लागतात. मग त्या विणीचा एक नमुना असं स्पष्ट लिहा. कागदपत्रांत प्राणी-नैतिकता समितीचं पत्र ऊती घेण्याआधीच्या तारखेचं हवं.

ऊती विरघळवायला ५ टक्के एसडीएस (एक डिटर्जंट), ५० मिलिमोलर टीईएबी बफर, पीएच ८.५. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हे बफर बेंचवर ठेवलं तर एसडीएसचे पांढरे स्फटिक तळाशी बसतात. वरचं पाणी पिपेटने उचललं तर त्यात ५ टक्के एसडीएस नसतंच, ऊती अर्धवट विरघळते आणि पटलातली प्रथिनं पेलेटमध्येच राहतात. ३७ अंशांवर कोमट करून पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय वापरू नका. बर्फावर तर मुळीच ठेवू नका. सोनिकेशननंतर द्रव तारेसारखा ओढला जात असेल तर डीएनए तुटलेलं नाही. गर्भाच्या ऊतीत पेशी दाटीवाटीने असतात, त्यामुळे डीएनए प्रौढ ऊतीपेक्षा जास्त त्रास देतं. सोनिकेशनच्या दोन फेऱ्या जास्त लागतात. प्रथिनाचं प्रमाण बीसीएने (तांब्यावर आधारलेल्या रंगचाचणीने) मोजा, पण प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणारं डीटीटी किंवा टीसीईपी घालण्याआधी. ही रसायनं तांब्याशी स्वतःच अभिक्रिया करतात आणि आकडा फुगवतात. नंतर टीसीईपी, ते बंध पुन्हा जुळू न देणारं क्लोरोॲसिटामाइड, आणि एस-ट्रॅप किंवा मण्यांवरच्या एसपी३ पद्धतीने एसडीएस काढणं. दोन्ही चालतात.

ट्रिप्सिनपाशी, म्हणजे प्रथिनं कापून पेप्टाइड करणाऱ्या एन्झाइमपाशी, थोडं थांबावं लागेल. बाजारातलं बहुतेक सिक्वेन्सिंग ग्रेड ट्रिप्सिन डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. उंदराच्या किंवा माणसाच्या नमुन्यात याने काही बिघडत नाही. डुकराच्या नमुन्यात बिघडतं. ट्रिप्सिन स्वतःलाही कापतं, त्याचे तुकडे (मास स्पेकवाल्यांना ८४२.५१ आणि २२११.१० या आकड्यांनी तोंडपाठ असलेले) डुकराच्या प्रथिनसंचात जुळतात आणि सगळ्या सोळा चॅनेलमध्ये सारख्याच उंचीने दिसतात. किडनीत कोणी ट्रिप्सिन शोधत नाही, म्हणून ते चालून जातं. स्वादुपिंडात मात्र ४२ व्या दिवसानंतर ट्रिप्सिनोजेन कधी आणि किती वाढतं हाच वाढीचा एक महत्त्वाचा खुणेचा दगड आहे, आणि तो नेमका अभिकर्मकाने झाकला जातो. उपाय दोन: डुकराचं नसलेलं एन्झाइम वापरणं, किंवा निदान स्वादुपिंडासाठी आधी फक्त लाय्स-सी (कापणारं दुसरं एन्झाइम) वापरून एक तपासणी करणं. विक्रेत्याकडे 'रीकॉम्बिनंट' एवढंच विचारून भागत नाही. त्याचा क्रम कोणत्या प्राण्याचा आहे ते विचारा. यीस्टमध्ये बनवलेलं ट्रिप्सिनही डुकराच्याच क्रमाचं असू शकतं.

आता प्रत्यक्ष लेबल लावणं. किटचं यश-अपयश इथेच ठरतं. टीएमटीप्रो हे एनएचएस एस्टर आहे, म्हणजे पाण्याचा कट्टर वैरी. जून ते सप्टेंबर नाशिकच्या हवेत इतका ओलावा असतो की -२० मधून काढलेली व्हायल लगेच उघडली तर आतल्या भिंतीवर दव धरतं आणि पहिल्या मिनिटातच काही लेबल मरतं. पाकीट न उघडता, सिलिका जेलसकट, खोलीच्या तापमानाला किमान अर्धा तास ठेवा. मग व्हायल एकदा फिरवून पूड तळाशी आणा आणि ०.५ मिलिग्रॅमच्या व्हायलीत २० मायक्रोलिटर निर्जल ॲसिटोनायट्राइल घाला. एचपीएलसीची साधी बाटली निर्जल नसते, आणि सेप्टम टोचून-टोचून जुनी झालेली निर्जल बाटलीही निर्जल राहत नाही. पावसाळ्यात छोटी नवी बाटली उघडावी. पाच मिनिटं, मध्येमध्ये हलवत.

पेप्टाइड आधीच तयार हवेत: २५ मायक्रोग्रॅम, २५ मायक्रोलिटर १०० मिलिमोलर एचईपीईएसमध्ये, पीएच ८.५. त्यात ५ मायक्रोलिटर लेबल आणि ५ मायक्रोलिटर कोरडं ॲसिटोनायट्राइल. म्हणजे वजनाने लेबल पेप्टाइडच्या पाचपट आणि ॲसिटोनायट्राइल एकूण २८ टक्क्यांच्या आसपास. या मापाने ०.५ मिलिग्रॅमच्या संचातून चार प्रयोग निघतात. पेप्टाइड कमी असतील तर सगळ्याच चॅनेलमध्ये १० मायक्रोग्रॅम घ्या, पण तेव्हा द्रवही १० मायक्रोलिटरवर आणा आणि लेबल व ॲसिटोनायट्राइल प्रत्येकी २ मायक्रोलिटर घाला. पातळ द्रावणात लेबल पेप्टाइडपेक्षा पाण्यालाच आधी गाठतं. एक तास, २५ अंशांना. एप्रिल-मेच्या दुपारी एसीशिवाय खोली ३५ च्या वर जाते. तिथे एस्टर जास्त वेगाने विघटित होतं, म्हणून थर्मोमिक्सर थंड करू शकणारा हवा किंवा काम सकाळी उरकावं. शेवटी ५ टक्के हायड्रॉक्सिलअमाइन ३.५ मायक्रोलिटर, पंधरा मिनिटं. हे उरलेलं लेबल थांबवतं आणि सेरिन, थ्रिओनिन, टायरोसिनवर चुकून चिकटलेलंही बरंचसं सोडवतं, म्हणून ही पायरी गाळू नका.

लेबल नीट न लागण्याची कारणं जवळजवळ नेहमी दोनच असतात. एक, पीएच. एस-ट्रॅपमधून पेप्टाइड फॉर्मिक ॲसिडने उतरवतात. स्पीडवॅकमध्ये पूर्ण वाळले नाहीत तर उरलेलं आम्ल बफरला ७ च्या खाली नेतं आणि अभिक्रिया होतच नाही. लेबल घालण्याआधी प्रत्येक ट्यूबमधला अर्धा मायक्रोलिटर पीएच पट्टीवर टाकून बघा. सोळाही ट्यूब, एकही न वगळता. दोन, अमोनियम बायकार्बोनेट किंवा ट्रिस. पचन या बफरमध्ये केलेलं असेल तर त्यातलं अमाइन लेबल खाऊन टाकतं. जुनी प्रोटोकॉलची पानं अमोनियम बायकार्बोनेटच सांगतात, म्हणून ही चूक अनुभवी हातांकडूनही होते.

सगळं एकत्र करण्याआधी प्रत्येक चॅनेलमधून १ मायक्रोलिटर काढून चाचणी मिश्रण करा, क्षार काढा आणि मशीनवर एकदाच चालवा. हे दोन प्रश्नांसाठी. लेबल किती टक्के लागलं (सॉफ्टवेअरच्या शोधात टीएमटीप्रो बदलतं रूप, म्हणजे असेल किंवा नसेल असं, म्हणून घाला, ९८ टक्के छान, ९५ च्या खाली असेल तर हायड्रॉक्सिलअमाइन काढून टाकून पुन्हा लेबल लावा), आणि प्रत्येक चॅनेलची बेरीज सारखी आहे का. बेरीज कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात आकारमान बदलून मग अंतिम मिश्रण करा. उरलेलं सगळं -८० ला थांबतं. मुंबई-पुण्याच्या एका फेरीने प्रयोग आठवडाभर लांबतो म्हणून ही चाचणी टाळण्याचा मोह होतो. टाळू नका. एकदा मिसळलेले नमुने वेगळे करता येत नाहीत.

ट्यूब पाठवण्याआधी तिथल्या मशीनबद्दल दोन गोष्टी विचारा. एन (जड नायट्रोजन) आणि सी (जड कार्बन) या जोडीतल्या रिपोर्टरमध्ये फक्त ६.३ मिलिडाल्टनचा फरक असतो. तो वेगळा दिसायला ऑर्बिट्रॅपवर ५०,००० च्या आसपास रिझोल्यूशन लागतं. साध्या टाइम-ऑफ-फ्लाइट मशीनवर सोळाचे नऊच उरतात. दुसरा प्रश्न: एसपीएस-एमएस३ (तुकडे आणखी एकदा फोडून रिपोर्टर मोजणं) करता येतं का? नसेल तर किटचा सर्वांत मोठा दोष पूर्ण ताकदीने सोसावा लागेल.

तो दोष म्हणजे गुणोत्तर दबणं. एक पेप्टाइड फोडायला निवडलं की त्याच वजनाच्या आसपासची इतर पेप्टाइडही सोबत येतात, आणि त्यांचेही रिपोर्टर सुटतात. बहुतेक प्रथिनं सगळ्या वयांत सारखीच असल्याने ही गर्दी सगळ्या चॅनेलमध्ये सारखं ओझं टाकते. परिणामी, खरा दहापट फरक कितीतरी लहान दिसतो. चढ की उतार, हे बरोबर कळतं. किती, हे दबलेलं. एमएस३ ने आणि मिश्रणाचे जास्त भाग केल्याने हे बरंच कमी होतं, पण शून्य होत नाही. म्हणूनच जीजीटीए१ किंवा ग्रोथ हॉर्मोन रिसेप्टर बंद केलेल्या डुकरात हे किट वापरून ते प्रथिन नाहीसं झालं असं सांगता येत नाही. बंद केलेल्या चॅनेलमध्येही थोडी उंची दिसतेच, आणि ती शेजाऱ्यांची असते. त्यासाठी डीआयए, लक्ष्यित पीआरएम (ठरावीक पेप्टाइडच मोजणं) किंवा जनुकाचं सिक्वेन्सिंगच योग्य. शिवाय माणसाचं शरीर डुकराच्या ज्या अल्फा-गॅलवर तुटून पडतं ते प्रथिन नाही, साखर आहे. जीजीटीए१ फक्त ती लावणारं एन्झाइम. साखर बघायची असेल तर लेक्टिनचा (साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनाचा) रंग वापरा, हे किट तिथे मुकं आहे.

शोधाच्या बाजूला, म्हणजे मशीनच्या नोंदी प्रथिनांच्या यादीशी जुळवताना, तीन जागी पाय घसरतो. डुकराचा संदर्भ प्रथिनसंच युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यात ड्युरॉक जातीच्या मादीच्या जनुकसंचावर आधारलेला आहे. त्यातल्या बहुतेक नोंदी संगणकाने केलेल्या, माणसाने न तपासलेल्या. एका जनुकाला एकच क्रम असलेली आवृत्ती घ्या, नाहीतर एकाच प्रथिनाची पाच नावं यादीत येतात. जनुक बदललेलं डुक्कर असेल, जसं जानेवारी २०२२ मध्ये मेरिलँडला हृदय दिलेलं दहा बदलांचं डुक्कर, तर त्यात घातलेली माणसाची प्रथिनं (सीडी४६, सीडी५५, सीडी४७, थ्रॉम्बोमोड्युलिन वगैरे) संचात हाताने जोडावी लागतात. जोडली नाहीत तर ती सापडणारच नाहीत. आणि दूषितांची, म्हणजे बाहेरून नमुन्यात शिरणाऱ्या प्रथिनांची, यादी. त्यात गाईचं अल्ब्युमिन आणि माणसाचे केराटिन असतात, ज्यांचे काही पेप्टाइड डुकराच्या स्वतःच्या प्रथिनांशी तंतोतंत जुळतात. दूषित म्हणून डोळे मिटून सगळं वगळलं तर खरी प्रथिनंही वगळली जातात. कोलॅजन बघायचं असेल तर प्रोलीनवरचं हायड्रॉक्सिलेशन (१५.९९५) बदलतं रूप म्हणून जोडा, नाहीतर पेशींबाहेरच्या जाळीची प्रथिनं जेवढी आहेत त्यापेक्षा फार कमी दिसतील, आणि वाढत्या अवयवात नेमकी तीच झपाट्याने वाढत असतात.

निकाल वाचताना मात्र एक सापळा किटच्या बाहेरचा आहे. आपण प्रत्येक नमुन्यातून सारखंच वजन घेतो. गर्भाच्या पेशी लहान, केंद्रक मोठं. त्यामुळे २५ मायक्रोग्रॅममध्ये केंद्रकाचा वाटा मोठा. पेशी वाढल्या, बाहेर जाळी साठली की तोच वाटा घटतो. मग आरएनए कापणारी, डीएनए गुंडाळणारी शेकडो प्रथिनं वयानुसार घटली अशी लांबलचक यादी निघते, आणि ती नियंत्रणातला बदल म्हणून मांडली जाते. आधी हिस्टोनांचा (डीएनए गुंडाळणाऱ्या प्रथिनांचा) आलेख काढा. एखादं प्रथिन हिस्टोनांच्या बरोबरीनेच उतरत असेल तर पेशींची घनता बदलली, एवढंच कळलं. हिस्टोनांपेक्षा वेगळं चाललं तर तिथे खरी गोष्ट आहे. प्रयोग बरोबर झाला का हे बघायला ओळखीचे पहारेकरी ठेवा: यकृतात वय वाढताना अल्फा-फीटोप्रोटीन उतरलं पाहिजे, किडनीत युरोमोड्युलिन आणि मेगालिन चढलं पाहिजे, हृदयात ट्रोपोनिन-आयचं टीएनएनआय१ रूप मागे पडून टीएनएनआय३ पुढे आलं पाहिजे. हे तिघे चुकत असतील तर पुढची यादी वाचूच नका. सिक्स२ सारखे नेफ्रॉनच्या मूळपेशींचे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर मात्र इतके कमी असतात की बारा भाग करूनही हाती लागतीलच असं नाही. त्यांच्यासाठी वेगळी लक्ष्यित मोजणी ठेवा.

खरेदीबाबत: ०.५ मिलिग्रॅमचा संच घ्या, ५ मिलिग्रॅमचा नको, वर्षभरात बरेच प्रयोग ठरलेले असतील तर गोष्ट वेगळी. ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवलेलं लेबल -२० ला एक आठवडाच टिकतं, म्हणून चारही प्रयोगांचे पेप्टाइड आधी तयार करून एकाच आठवड्यात लेबल लावण्याचं नियोजन करा. अठरा जागांचं किटही मिळतं. चार वयांऐवजी पाच वयं हवी असतील तर ते बरं, फक्त प्रौढ अवयवाला दोनऐवजी एकच जागा उरते. पार्सल आलं की शीतपेटीतलं पॅक गोठलेलं आहे का ते दारातच बघा, लॉट क्रमांक आणि मुदत लिहून घ्या आणि प्रमाणपत्राची प्रत त्याच दिवशी मशीन असलेल्या केंद्राला पाठवा, कारण अशुद्धीचे आकडे तिथल्या संगणकात भरायचे असतात आणि नंतर ते कागद शोधणं कठीण जातं. शक्य असेल तर मागणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येईल अशी द्या: नाशिकची हवा तेव्हा कोरडी असते, खोली सहज २५ अंशांवर राहते, आणि काळजी एकाच गोष्टीची उरते, सकाळी एसडीएस कोमट करण्याची.